खरं काय आणि ते आपल्याला कळतं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टर्किश टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचं काम करतो. अकरावी-बारावीला आर्ट्सला तर्कशास्त्र विषय होता, तिथून जो नाद लागला तो सुटला नाही, जमेल तसं वाचत गेलो. कंबर तलावाला सकाळी फिरायला येणारी मंडळी, कारखान्यातले लोक, घरचे, भाच्याचे कॉलेजातले मित्र, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मतं माझी आहेत, जिथे दुसऱ्या कोणाचं आहे तिथे नाव दिलंय.

प्रश्न: काय ओ, हे असलं विचार करून पोट भरतंय का?

पोट भरत नाही, पण फसवणूक कमी होते. "हे तुला कसं कळलं?" हा प्रश्न विचारायची सवय लागली की जमीन घेताना, औषध घेताना, मुलीचं स्थळ बघताना, मत देताना, सगळीकडे ती उपयोगी पडते. आणि खरं सांगायचं तर उपयोग नसता तरी मी हा विचार केला असता. एवढं मोठं जग आहे, आपण थोडी वर्षं इथे आहोत, तर ते मुळात आहे कसं हे विचारावंसं वाटणं अगदी साहजिक आहे.

प्रश्न: डोळ्यांनी बघितलं तेवढंच खरं, बाकी सगळ्या थापा, बरोबर ना?

हे म्हणणं चार्वाकांचं, म्हणजे प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या विचारवंतांचं, आणि ते वाटतं तेवढं कच्चं नाही, त्याच्याकडे पुढे येतो. आधी डोळ्यांचंच बघू. मे महिन्यात भर दुपारी विजापूर रोडला गाडीवर निघा, पुढे रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं लखलखतं, समोरच्या ट्रकचं उलटं प्रतिबिंबसुद्धा त्यात दिसतं, आणि जवळ गेलं की कोरडं ठणठणीत डांबर. होतं काय की डांबराला चिकटून असलेली हवा तापून विरळ होते, वरची त्यामानाने गार आणि दाट असते, आकाशातून तिरका येणारा उजेड या थरांमधून जाताना वाकतो आणि रस्त्यावरून आल्यासारखा डोळ्यात शिरतो. म्हणजे डोळ्यांनी काही बनवाबनवी केलेली नाही, उजेड खरंच त्या बाजूने आला, मोबाईलने फोटो काढला तर फोटोतही ते "पाणी" येतं. चूक झाली ती "तिथे पाणी आहे" या निवाड्यात. न्याय दर्शनाचा मूळ ग्रंथ न्यायसूत्रं, त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात हेच उन्हाळ्यातलं मृगजळ उदाहरण म्हणून घेतलंय, प्रत्यक्ष ज्ञान अव्यभिचारी पाहिजे, म्हणजे जे नाही ते आहे असं सांगणारं नको, एवढं समजवायला.

मला यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे सगळं फिजिक्स कळल्यावरही मृगजळ दिसायचं थांबत नाही, दिसतं तसंच, फक्त मी ब्रेक मारत नाही, म्हणजे ज्ञानाने दिसणं बदललं नाही, वागणं बदललं. दुसरी म्हणजे डोळ्यांची चूक आपण पकडली कशाने, तर परत डोळ्यांनीच, जवळ जाऊन बघून. त्यामुळे "इंद्रियं फसवतात म्हणून त्यांच्यावर विश्वासच नको" असं कोणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, फसवतात हे तुम्हाला कशावरून कळलं?

प्रश्न: रंग वस्तूत असतो की आपल्या डोळ्यात?

हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. गिऱ्हाईकाने पाठवलेला नमुना आणि आमच्या डायिंगमधून आलेला टॉवेल, दोन्ही ट्यूबलाईटखाली शेजारी ठेवले तर अगदी एक दिसतात, आणि तेच दारात उन्हात नेले की एक हिरवट मारतो. याला आमच्याकडे मेटामेरिझम म्हणतात. दोन कपड्यांत वेगवेगळे रंग मिसळून एकच शेड काढलेली असते, आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, त्यांची बेरीज एका उजेडात सारखी येते आणि उजेड बदलला की येत नाही. म्हणून शेड बघायला लाईट बॉक्स असतो, त्यात दिवसाच्या उजेडासारखा डी ६५ नावाचा दिवा लावायचा आणि त्याच्याखाली निर्णय घ्यायचा, गिऱ्हाईकाशी बोलणी होतानाच कुठल्या उजेडात बघायचं हे ठरलेलं असतं.

तर माझं उत्तर असं की रंग नुसता कपड्यातही नाही आणि नुसता डोळ्यातही नाही, कपडा, उजेड आणि डोळा तिघं मिळून तो होतो. २०१५ साली त्या एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं लागली होती, कोणाला निळा-काळा दिसायचा कोणाला पांढरा-सोनेरी. लोकांनी त्यातून "बघा, सगळं मनाचे खेळ" असं काढलं, मला ते पटत नाही. फोटोत उजेड कुठला आहे ते कळत नव्हतं म्हणून मेंदूने आपापला अंदाज लावला, दुकानात जाऊन प्रत्यक्ष ड्रेस बघणाऱ्यांचं भांडण होण्याचं कारण नव्हतं, तो निळा-काळाच होता. तिघांवर अवलंबून असलेली गोष्ट मनमानी होत नाही.

प्रश्न: रंगाचं जाऊ द्या, वजन तर पक्कं असतं ना? काटा खोटं बोलत नाही.

टॉवेलचं जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, काढायचं म्हणजे एक गोल कटर असतो, तो दाबून फिरवला की बरोब्बर १०० चौरस सेंटिमीटरची चकती निघते, ती काट्यावर ठेवायची, जितके ग्रॅम येतील त्याला १०० ने गुणायचं. साडेचार ग्रॅम आली तर ४५०. आमच्याकडे एक जुने मामा आहेत, ते टॉवेल दोन बोटांत धरून नुसता चोळतात आणि सांगतात, "साडेचारशेच्या खाली आहे बघ," आणि काटा लावला की तसंच निघतं. त्यांना विचारलं कसं कळलं तर त्यांना सांगता येत नाही. ते ज्ञान आहे का? माझ्या मते आहे, पण ते ज्ञान आहे हे मला काट्यामुळे कळलं, हेही तितकंच खरं.

आता गंमत बघा, सुती कापड हवेतला ओलावा ओढतं. ठरलेल्या हवामानात सुताने त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरलेलं असतं असं मानून व्यवहार चालतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तेवढं धरत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये जास्त धरतं. म्हणजे तोच टॉवेल दोन ऋतूंत दोन वजनांचा. खरं वजन कुठलं? दोन्ही. त्यासाठीच ६५ टक्के आर्द्रता आणि ठरलेलं तापमान असलेल्या खोलीत कापड काही तास ठेवून मग वजन करायची पद्धत आहे. जैनांच्या स्याद्वादात प्रत्येक विधानाला "स्यात्" लावतात, म्हणजे अमुक एका दृष्टीने, अमुक अटीवर. बरेच जण त्याचा अर्थ "कदाचित" असा घेऊन मोकळे होतात, तर तसं नाहीये, अट एकदा सांगितली की विधान ठामच असतं.

प्रश्न: आणि काटा बरोबर आहे हे कशावरून?

प्रमाणित वजनं ठेवून तपासतो. ती वजनं बरोबर कशावरून? ती आणखी वरच्या वजनांवरून. असं करत करत १८८९ पासून सगळं पॅरिसजवळच्या एका प्लॅटिनम-इरिडियमच्या तुकड्यापाशी जाऊन थांबायचं, तोच किलोग्रॅम. आणि तो तुकडा? तो स्वतःच माप, त्याला तपासायचं कशाने! त्याच्या सोबतच्या प्रती आणि तो यांच्यात शंभरेक वर्षांत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला, आता कोण घटलं नि कोण वाढलं हे ठरवणार कसं? शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकाला, प्लँकच्या स्थिरांकाला बांधला.

"त्याला पुरावा काय, त्या पुराव्याला पुरावा काय" ही जी न संपणारी साखळी लागते तिला आपल्याकडे अनवस्था म्हणतात, आणि तो दोष मानतात. मीमांसक, म्हणजे वेदांच्या अर्थाचा विचार करणारे, म्हणाले, ज्ञान हे मुळातच प्रमाण, म्हणजे खरं धरायचं असतं, चूक आहे असं दिसलं तरच सोडायचं, म्हणजे स्वतः प्रामाण्य. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, म्हणाले, तसं नाही, ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून ठरतं, त्यावर विसंबून केलेलं काम फळाला येतं का यावरून, म्हणजे परतः प्रामाण्य. मी दोघांमधलं थोडं थोडं घेतो. रोजच्या धबडग्यात काट्यावर विश्वास ठेवून चालतो, दर चकतीला शंका घेत बसलो तर एक गाडी भरायची नाही, पण खटकलं की तपासतो, आणि तपासायची सोय कायम ठेवतो. कधीच तपासता येणार नाही असा काटा मी वापरणार नाही, मग तो कितीही महागाचा असो.

प्रश्न: चादर म्हणजे शेवटी सूतच ना? मग "चादर" असं वेगळं काही खरंच असतं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि सोलापुरात तो विचारला नाही तर कुठे विचारायचा. आपल्या दर्शनांमध्ये तंतू आणि पट, म्हणजे सूत आणि कापड, हे उदाहरण शेकडो वर्षं घोळवलेलं आहे, आणि ज्या गावात घरटी कोणी ना कोणी मागावर बसलेलं होतं तिथल्या पोरांना ते कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सांख्य म्हणतात चादर सुतात आधीपासूनच होती, फक्त प्रकट झाली, कारण जे नव्हतंच ते येईल कुठून, वाळूतून तेल निघत नाही, तिळातून निघतं. न्याय-वैशेषिक म्हणतात असं कसं, आधी नव्हती, विणल्यावर नवीनच वस्तू जन्माला आली, ती सुतांमध्ये समवाय, म्हणजे सुटा न करता येणाऱ्या, संबंधाने राहते, पण सुतं म्हणजे ती नव्हे. बौद्ध म्हणतात दोघंही उगाच भांडताय, सुतं तेवढी आहेत, "चादर" हे आपण सोयीसाठी दिलेलं नाव, आणि सुतंही शेवटी क्षणाक्षणाला बदलणारी.

नैयायिकांवर एक जुना आक्षेप आहे तो फार सुंदर आहे. चादर जर सुतांपेक्षा वेगळी नवीन वस्तू असेल तर काट्यावर सुतांचं वजन अधिक चादरीचं वजन यायला पाहिजे, येतं का? येत नाही. मग वेगळी कशी? मी हा आक्षेप मागवाल्यांना सांगितला तेव्हा त्यातला एकजण, तेलुगू घरातला, पिढ्यान्‌पिढ्या विणणारा माणूस, मागचा पुढचा विचार न करता म्हणाला, "वजन सुताचंच येणार की ओ, पण थंडीत सुताचे कोन (सूत गुंडाळलेले शंकू) अंगावर घेऊन झोपा बरं." मला त्याच्या बोलण्यात पूर्ण उत्तर दिसतं. एखादी गोष्ट खरी आहे का हे ठरवायला वजन ही एकच कसोटी नाही, ती काय करू शकते हीपण कसोटी आहे. ऊब धरणं, अंग झाकणं, मागावर नक्षी काढणाऱ्या जकार्डच्या पंचकार्डांनी, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी, काढलेला मोर दोन्ही बाजूंनी दिसणं, हे कुठल्याही एका धाग्यात नाही. धागे तेच ठेवून वीण उसवली तर वजन तेवढंच राहतं आणि चादर जाते, म्हणजे काहीतरी गेलं ना? जे गेलं ते होतं. रचना ही खरी असते असं माझं मत झालंय.

आणि म्हणूनच "भिंत म्हणजे ९९ टक्क्यांच्या वर रिकामी जागा, विज्ञानाने सिद्ध केलंय की जग आभास आहे" असले व्हिडिओ मला पटत नाहीत. अणूचं बरंचसं वस्तुमान बारक्याशा केंद्रकात असतं हे खरं, पण भिंतीचा टणकपणा येतो तो इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांना रेटण्यातून आणि एका जागी दोघं न मावण्याच्या नियमातून. विज्ञानाने भिंत टणक का आहे ते सांगितलं, ती नाही असं सांगितलेलं नाही.

प्रश्न: मी स्वतः तपासलेलं नाही, दुसऱ्याने सांगितलंय, ते माझं ज्ञान म्हणायचं का?

तुमचा वाढदिवस तुम्हाला कसा माहीत? आईने सांगितला किंवा दाखल्यावर लिहिलाय, तुम्ही तिथे होता पण तुमची साक्ष चालणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यात एक पिढी अशी आहे की अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना तारीख कोणाला ठाऊक नव्हती आणि गुरुजींनी वर्गात बसवण्यापुरती ती टाकून दिली. निवृत्ती त्याच तारखेवर, पेन्शन त्याच तारखेवर, आणि घरात आजी सांगणार, "पोळ्याच्या आदल्या दिवशीचा हाय तू." इथे कागदापेक्षा आजी जास्त खात्रीची, कारण ती तिथे होती आणि तिला खोटं सांगायचं कारण नव्हतं.

नेमकी हीच कसोटी वात्स्यायनाने दिलीय. शब्द हे प्रमाण आहे, पण कोणाचा शब्द, तर आप्ताचा, आणि आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतःला पक्की माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. आणि पुढे तो स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. आप्त कोण हे जातीवर, वयावर, पदावर, फॉलोअर्सवर ठरत नाही, दोन प्रश्नांवर ठरतं: याला माहीत आहे का, आणि याला खरं सांगायचंय का. नळाला पाणी कधी येणार यावर मी शेजारच्या काकूंचं ऐकतो कारण त्यांचं लक्ष असतं, कॅन्सर कांद्याने बरा होतो यावर त्याच काकूंनी पाठवलेलं ऐकत नाही. माणूस तोच, पण पाण्याबाबत आप्त आणि कॅन्सरबाबत नाही. फॉरवर्डचा घोळ असा की मूळ सांगणाराच सापडत नाही, मग दोन प्रश्न विचारणार कोणाला?

प्रश्न: नेहमी असं होतं म्हणून पुढेही होणारच, हे कशावरून?

इथे चार्वाक परत येतो. धूर आहे तिथे आग, बरं, पण तुम्ही जगातले सगळे धूर बघितले का? काल, आज, उद्याचे? मग "जिथे जिथे" कशाच्या जोरावर म्हणता? ह्यूम नावाच्या स्कॉटिश माणसाने १७३९ मध्ये जवळजवळ हेच विचारलं: आत्तापर्यंत झालं म्हणून पुढे होईल हे सिद्ध करायला परत "आत्तापर्यंत असंच होत आलंय" हेच वापरावं लागतं. याला पक्कं तोडीस तोड उत्तर कोणी दिलंय असं मला वाटत नाही. पण अनुमान चांगलं की वाईट, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो करता येतो.

त्याचं उदाहरण आपल्याच डोक्यावर घडलंय. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ढग येतात, बघतात आणि जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथे विमानातून ढगांमध्ये क्षाराचे कण सोडायचा प्रयोग केला. आता विमान फिरलं आणि पाऊस पडला, तर तो विमानामुळे पडला की पडणारच होता? "विमान आलं, पाऊस आला" एवढ्यावर गावात दोन तट, एक म्हणतो जादू, दुसरा म्हणतो सरकारी पैशाची नासाडी. शास्त्रज्ञांनी केलं काय की २७६ ढग निवडले, त्यातल्या काहींत कण सोडले आणि तसल्याच काहींना मुद्दाम हात लावला नाही, आणि मग दोन गटांची तुलना केली. खालच्या १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस दिसला. मला त्या १८ टक्क्यांपेक्षा हात न लावलेले ढग जास्त महत्त्वाचे वाटतात. तेच नसते तर कोणालाच काही कळलं नसतं, जादूवाल्याला पण नाही आणि नासाडीवाल्याला पण नाही. देवाला नवस केला नि पोरगं पास झालं, काढा प्यायला नि ताप उतरला, तिथेही मी हेच विचारतो, नवस न केलेली किती पास झाली?

प्रश्न: अंदाज बरोबर निघाला म्हणजे त्याला माहीत होतं असंच ना?

नाही. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध विचारवंताचं उदाहरण ऐका. तहानलेला माणूस मृगजळ बघून तिकडे धावतो, तिथे गेल्यावर दगडाखाली खरंच पाणी सापडतं. पाणी आहे असं त्याला वाटलं, पाणी होतंही, पण त्याला माहीत होतं का? नव्हतं ना, योग जुळून आला. १९६३ मध्ये गेटिए नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने तीन पानांचा लेख लिहून असाच पेच टाकला, आणि तेव्हापासून तिकडचे लोक त्यावर लिहीतच आहेत. शेअरमध्ये एकदा पैसे केलेला नातेवाईक सल्ले द्यायला लागला की धर्मोत्तराचा माणूस आठवावा.

प्रश्न: हे सगळं स्वप्नच असेल तर? किंवा मामा, कॉम्प्युटरमधलं सिम्युलेशन?

भाचा हे दर सुट्टीत विचारतो. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये विचारलं, आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी विचारलं गेलं, बॉस्ट्रॉम या आजच्या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये कॉम्प्युटर घालून परत मांडलं. स्वप्नाबद्दल सांगायचं तर स्वप्न खोटं होतं हे आपल्याला जागेपणाशी ताडून कळतं, सगळंच स्वप्न म्हटलं तर "स्वप्न" म्हणायला विरुद्ध बाजूच उरत नाही. सिम्युलेशनबद्दल माझं म्हणणं एवढंच की कुठल्याही बघण्याने, मोजण्याने ज्याच्यात फरक पडणार नाही असा दावा मी खोटा म्हणणार नाही, पण त्याच्यासाठी काही बदलणारही नाही. त्या जगातही चादर उबच देते.

प्रश्न: क्वांटममध्ये सिद्ध झालंय म्हणे, आपण बघितल्याशिवाय काहीच नसतं?

असं सिद्ध झालेलं नाही. तिथे "बघणं" म्हणजे मोजमाप, एखाद्या कणाची उपकरणाशी गाठ पडणं, माणसाचं मन त्यात असावंच लागतं असं कुठलाही प्रयोग सांगत नाही. २०२२ चं फिजिक्सचं नोबेल ज्या प्रयोगांना मिळालं, आस्पे, क्लाउझर, झायलिंगर यांच्या, त्यातून एवढं नक्की दिसलं की कणांचे गुणधर्म आधीपासून ठरलेले असतात आणि लांबच्या गोष्टींचा एकमेकांवर तत्काळ परिणाम होत नाही, ही दोन्ही गृहीतकं एकत्र धरून चालत नाही. हे आश्चर्य एवढं मोठं आहे की त्याला वरून शिबिराची फी आणि मनःशक्ती चिकटवायची गरज नाही, चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो.

१४ जुलै १९३० ला बर्लिनजवळ आइन्स्टाइनच्या घरी रवींद्रनाथ टागोर गेले होते, तिथे दोघं याच विषयावर बोलले. टागोरांचं म्हणणं, सत्य माणसाच्या जाणिवेतूनच सत्य होतं, आइन्स्टाइनचं म्हणणं, घरात कोणी नसलं तरी हे टेबल जागेवर राहतं. मी आइन्स्टाइनच्या बाजूचा. आणि कारण सांगायला मला लांब जावं लागत नाही, त्याच वर्षी दोन महिने आधी सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावला होता. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. ते बघितलेला आता कोणी उरलेला नसेल. उद्या चौकातले पुतळे हलले, कागद जळले, पुस्तकातला धडा गेला आणि कोणाच्याच जाणिवेत ते राहिलं नाही, तर ते घडलंच नव्हतं असं होईल का? माझं मन याला कधीच हो म्हणू शकत नाही. ते घडलं, आपल्याला माहीत असो की नसो.

प्रश्न: मग प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं हे खोटं का?

प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो, बाजू वेगळी असते, हे शंभरदा मान्य. यंत्रमाग मालकाला दिसणारा कारखाना आणि विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला दिसणारा कारखाना एक नसतो, आणि दोघांचं ऐकल्याशिवाय कारखाना कळत नाही. पण "माझं सत्य" म्हणून भांडण मिटवणाऱ्याला मी विचारतो की मग तुम्ही आणि ते भांडत कशावर होता? भांडण होतं म्हणजेच मध्ये एक काहीतरी सामाईक आहे.

प्रश्न: देव आहे का ते सांगा, बाकी राहू द्या.

माझ्याकडे हो किंवा नाही असं प्रमाण नाही. न्याय दर्शनातल्या उदयन या पंडिताने ईश्वर सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला आणि वेद शिरसावंद्य मानणाऱ्या मीमांसकांना जग निर्माण करणारा ईश्वर मानायची गरज वाटली नाही, तेव्हा एवढ्या मोठ्या माणसांत जे मिटलं नाही ते मी मिटवणार नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस कुठलं विधान सिद्ध करत नसतो, तिथे प्रमाण मागणं मला अस्थानी वाटतं. पण त्याच श्रद्धेच्या नावावर कोणी आजार, पाऊस, पैसा यांबद्दल दावा करायला लागला की तो काट्यावर आला, मग वजन होणार.

प्रश्न: शंभर टक्के खात्री कशाचीच नाही, तर ज्ञान तरी कशाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावर मला उदयनाचं म्हणणं सर्वांत जास्त पटतं. तो म्हणतो शंकेलाही हद्द असते, आणि ती हद्द म्हणजे व्याघात, म्हणजे तुमच्याच वागण्याशी विरोध. बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदांती पंडिताने हेच वाक्य उलटं फिरवून त्याला कोंडीत पकडलं, की विरोध आहे म्हणजे शंका आहेच, ती संपली कुठे? त्याला पुढे गंगेश या नैयायिकाने जे उत्तर दिलं ते माझ्या कायम डोक्यात असतं. धुराचं कारण आग आहे याची खरंच शंका असेल तर धूर करायचा असताना तू आग का पेटवतोस? भूक लागली की जेवतोस का? दुसऱ्याला सांगायचं असताना बोलतोस का? तुझी शंका तोंडात आहे, हातात नाही.

म्हणून मी शंकेलाही तेच विचारतो जे ज्ञानाला विचारतो: तुला कारण काय? "चूक असू शकेल" हे सगळ्यालाच लागू होतं, त्यामुळे त्याने काहीच ठरत नाही. "या काट्याखालची पट्टी सरकलीय म्हणून चूक असू शकेल" ही शंका, तिच्यामागे धावायला पाहिजे. ज्ञान म्हणजे कधीच न हलणारं काही, असा माझा आग्रह नाही. ज्याचा आधार दाखवता येतो, जे दुसऱ्यालाही तपासता येतं आणि चुकलं तर कुठे चुकलं हे सापडायची वाट ज्यात ठेवलीय, त्याला मी बिनदिक्कत ज्ञान म्हणतो.

प्रश्न: मुलांना यातलं काही करून दाखवता येईल का?

येईल. दरवर्षी १० किंवा ११ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या जरा आधी, सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. पुण्यात हे दोन-तीन दिवस उशिरा होतं. दिल्लीत कधीच होत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. त्याच दिवशी दिल्लीतल्या कोणाला तरी सांगा, एक मीटरची काठी उभी करून तिथल्या मध्यान्हीची सगळ्यात छोटी सावली मोज, ती १९ सेंटिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे साधारण ११ अंशांचा कोन. सूर्याचे किरण दोन्हीकडे समांतरच येतात, त्यामुळे हा कोन म्हणजेच दोन गावांमधला पृथ्वीच्या गोलाईचा वाटा. सोलापूर ते दिल्ली उत्तर-दक्षिण अंतर १२०० किलोमीटरच्या वर थोडं, ते नकाशावरून पोरांनाच काढू द्या. ११ अंशाला एवढं तर ३६० ला किती, हे सातवीतल्या पोराला जमतं, उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळपास येतं, तो पृथ्वीचा घेर. आकाशात न जाता, काठी, पट्टी, नकाशा आणि एक फोन. काठी उभी आहे की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका, ओळंबा लावा, आणि साडेबाराच्या आधी वीस मिनिटं तरी गच्चीवर जाऊन दर दोन मिनिटांनी खूण करत राहा, टोप्या घालून.